वारा जोराचा नको, एकसारखा हवा

मोठ्या पतंगाच्या ओढीवर, पायात फळी अडकवून पाण्यावरून धावायचं, हा खेळ म्हणजे काइटसर्फिंग. समुद्र इतका लांब असूनही खान्देशातून त्याबद्दल बरीच पत्रं आली. त्यांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं या अंकात देत आहोत.

प्रश्न : ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. भाऊ, आमना गावमा वारा गह्यरा से! मग अक्कलपाडा, नाहीतर हतनूरच्या जलाशयावर हा खेळ का होऊ नये? (साक्री)

वारा आहे, यात वाद नाही. मे ते जुलै या काळात पश्चिमेचा वारा तापीच्या खोऱ्यातून सरळ आत घुसतो. पण पवनचक्कीचं पातं पठाराच्या माथ्यावर, जमिनीपासून साठ-सत्तर मीटर उंचीवर फिरतं. तुमचा पतंग पाण्यापासून जेमतेम वीस-पंचवीस मीटरवर असतो. त्या उंचीवर टेकड्या, झाडं आणि धरणाची भिंत वाऱ्याचे तुकडे करून टाकतात.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पतंगाची ओढ चौपट होते, आणि सगळी गोम इथेच आहे. चांगल्या किनाऱ्यावर १४ नॉटचा वारा मधूनच १७ वर जातो, म्हणजे ओढ साधारण दीडपट होते आणि ती सांभाळता येते. जलाशयावर तोच १४ नॉटचा वारा झोत आला की २२ वर जातो आणि ओढ एकदम अडीचपट होते. नवशिका तेवढ्यात उचलला जातो. (एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर.)

वारा स्वतः मोजून पाहा. हातात धरायचं वाऱ्याचं मीटर डोक्याच्या वर धरून दहा मिनिटं काठावर उभे राहा आणि सर्वात कमी व सर्वात जास्त आकडा लिहून ठेवा. जास्तीचा आकडा कमीच्या दीडपटीपेक्षा मोठा आला, तर त्या दिवशी त्या जागी पतंग उघडू नका. मीटर नसेल तर पाण्याकडे बघा. पृष्ठभागावर एकसारखी लहर असली तर वारा बरा. मध्येच गडद, सुरकुतलेले पट्टे धावत येत असतील आणि त्यांच्यामध्ये पाणी आरशासारखं दिसत असेल, तर प्रत्येक गडद पट्टा म्हणजे एक झोत. वारा येतो त्या बाजूला अडथळा किती उंच आहे तेही पाहा. त्याच्या उंचीच्या निदान दहापट अंतरापर्यंत हवा फाटलेली असते. पंधरा मीटरच्या झाडांमागे दीडशे मीटर, पंचवीस मीटरच्या भिंतीमागे अडीचशे.

दुसरी अडचण वेळेची. वारा भरात असतो तेव्हा धरणं तळाला गेलेली असतात. हतनूरमध्ये गाळ भरपूर. पाणी ओसरलं की काठाला गुडघाभर चिखल उघडा पडतो आणि बुडालेल्या बाभळींचे खुंट पाण्याच्या जरा खाली राहतात. जोडीला मासेमारीची जाळी आणि उपसा सिंचनाचे पाइप. पावसाळ्यात हतनूरच्या ४१ दरवाजांतून विसर्ग सुरू असताना तर त्या पाण्यात उतरायचंच नाही. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित पक्षी असतात, त्यांच्या थव्यांवर पतंग घालणं बरं नव्हे. आणि कोणत्याही धरणाच्या पाण्यात उतरायचं तर जलसंपदा विभागाची परवानगी आधी.

थोडक्यात उत्तर असं : हा खेळ पाण्यावर शिकायची सुरुवात जलाशयावर नको. पण पतंग हाताळायला शिकायचं असेल, तर खान्देशातल्या मोकळ्या जमिनीसारखी दुसरी जागा नाही.

प्रश्न : जमिनीवर सराव म्हणजे नेमकं काय करायचं? संक्रांतीला मी चांगला पतंगबाज आहे, त्याचा उपयोग होईल का? (पारोळा)

वारा ओळखायला उपयोग होईल. हात मात्र नव्याने बसवावा लागेल. संक्रांतीचा पतंग एका दोऱ्यावर असतो. तो तोंड वळवतो त्याची आपण वाट बघतो आणि खेच मारतो. इथे सरावाच्या पतंगाला दोन दोऱ्या असतात, त्यांची टोकं हातातल्या एका दांडीला बांधलेली. त्यामुळे वाट बघायची गरज नाही. उजवी ओढली की पतंग उजवीकडे वळतो, ओढून धरली की तिथेच गोल फिरतो. जुन्या पतंगबाजांची एक सवय हमखास नडते. पतंग डगमगला की ते दोन्ही हात छातीशी खेचतात. दांडीच्या मोठ्या पतंगात त्याचा अर्थ होतो ‘पूर्ण ताकद दे’. इथे घाबरल्यावर दांडी सोडायची असते, हे शरीराला पटायला वेळ लागतो.

सरावाचा पतंग दोन ते तीन चौरस मीटरचा, कापडी, दोन दोऱ्यांचा घ्या, दोऱ्या वीस मीटर लांबीच्या. जागा निवडताना कापसाचं रान टाळा. पऱ्हाटी काढल्यावर उरलेले सड चपलेतून आत जातात. उन्हाळ्यात काळ्या जमिनीला हातभर भेगा पडतात. पतंगाने ओढलं की पाऊल भेगेत अडकून घोटा मुरगळतो. मुरमाड गायरान किंवा गावाबाहेरचं खेळाचं मैदान सर्वात चांगलं. विजेच्या तारा शंभर मीटरच्या आत नकोत, यात सूट नाही.

वारा ८ ते १४ नॉट असावा. पानं आणि बारीक फांद्या सतत हलत असतील तर ७ ते १० नॉट. सुकी धूळ आणि कागद उडू लागले तर ११ ते १६. लहान झाडं बुडापासून डोलायला लागली की १७ च्या पुढे, तेव्हा घरी जा.

पतंग पाठीवर पसरा, मागच्या काठावर चार ओंजळी माती टाका म्हणजे आपोआप उडणार नाही. दोऱ्या सोडत वाऱ्याच्या दिशेने, म्हणजे वारा जिकडून येतो तिकडे, चालत जा. डावी दोरी डाव्या टोकाला आहे ना, ते बोटाने दोरी धरून पतंगापर्यंत तपासा. दोरी अदलाबदल झाली असेल तर पतंग उठताच उलटा वळतो आणि माणूस आणखी जोराने चुकीच्या बाजूला ओढतो.

आता पाठीवर वारा घेऊन उभे राहा. समोर घड्याळाचा वरचा अर्धा भाग आहे असं समजा. डोक्यावर १२, डावीकडे जमिनीलगत ९, उजवीकडे ३. कडेला ओढ कमी, बरोबर समोर खाली सर्वात जास्त. एक पाऊल मागे घेऊन पतंग उठवा आणि १२ वर स्थिर ठेवा. मग ११ ते १. मग १० ते २ या पट्ट्यात आडवा आठाचा आकडा काढा. दांडी गाडीच्या चाकासारखी फिरवायची नाही. एक हात पोटाकडे घ्यायचा, दुसरा पुढे जाऊ द्यायचा. हात वर उचलून काहीही होत नाही, तरी सगळे उचलतात.

पतंगाकडे न बघता सलग दहा वेळा आठाचा आकडा काढता आला, एका हाताने १२ वर धरून पन्नास पावलं चालता आलं आणि कडेला ९ किंवा ३ वर अलगद उतरवता आला, की जमिनीवरचं काम झालं. एवढ्या तयारीने गेलात तर समुद्रावरच्या प्रशिक्षणाचे पहिले काही तास सरळ वाचतात, आणि ते तास स्वस्त नसतात.

उन्हाळ्यातल्या वावटळींबद्दल एक सूचना. एप्रिल-मेच्या दुपारी मोकळ्या रानात धुळीचा खांब फिरताना दिसला की पतंग तत्काळ खाली. वावटळीत वाऱ्याची दिशा क्षणात उलटते आणि कोणतंही कौशल्य कामाला येत नाही. सकाळी नऊच्या आत सराव उरका.

प्रश्न : खऱ्या दोऱ्या महाग आहेत. बाजारातला जाड नायलॉन किंवा मांजा चालेल का? (नंदुरबार)

नाही. नायलॉन ताणला की लांबतो. तुम्ही दांडी ओढता, दोरी लांबते आणि पतंगाला आज्ञा उशिरा पोचते. काइटच्या दोऱ्या डायनीमा जातीच्या धाग्याच्या असतात. दोन मिलिमीटरच्या आत जाडी, पण एकेक दोरी दोनशे किलोच्या वर ताण घेते आणि लांबत जवळजवळ नाहीच. मांजाचा तर विचारही नको. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे.

चांगल्या दोऱ्यांचीही निगा लागते. मोठ्या पतंगाला चार दोऱ्या. पुढच्या दोन सगळा भार घेतात, मागच्या दोन वळवतात. भाराच्या दोऱ्या बऱ्याच वापराने थोड्या लांबतात. दोन-तीन सेंटिमीटर फरक पडला तरी पतंग मागे झुकतो, वळायला जड होतो आणि हलक्या वाऱ्यात पाठीवर पडतो. दर आठ-दहा वापरांनंतर चारही टोकं एका खिळ्याला अडकवा, ताणपट्टी (पतंगाची ताकद कमी-जास्त करायची पट्टी) पूर्ण सैल सोडा, दांडी आत घेऊन सारख्या जोराने ओढा. दांडी सरळ राहिली पाहिजे आणि चारही दोऱ्या सारख्या ताठ. नसतील तर दांडीकडच्या जोडदोरीच्या गाठी सरकवा.

प्रश्न : माझं वजन ७५ किलो, मुलीचं ५५. पतंग किती मोठा घ्यायचा? जुना घेतला तर काय तपासायचं? (भुसावळ)

अंदाजाचं गणित सोपं आहे : किलोतलं वजन गुणिले २.२, भागिले नॉटमधला वारा. १५ नॉटला तुम्हाला ११ चौरस मीटर, मुलीला ८. वारा २० वर गेला की तुम्हाला ८ पुरतो आणि मुलीला ६. एकच पतंग घ्यायचा तर नेहमीच्या जागेच्या नेहमीच्या वाऱ्याचा घ्या. मोठा घेऊन ‘जमवून घेऊ’ हा हिशेब या खेळात हाडं मोडतो.

तुमच्याकडच्या उन्हाचा एक परिणाम सहसा कोणी सांगत नाही. ४२ अंशांवरची हवा १५ अंशांच्या हवेपेक्षा साधारण नऊ टक्के विरळ असते, म्हणून तेवढ्याच वाऱ्यात ओढही तेवढीच कमी. युरोपातल्या तक्त्यात ११ लिहिलं असेल तर आपल्या उन्हाळ्यात १२ जवळचा.

जुना पतंग विकत घेताना तो फुगवून तासभर तसाच ठेवा, मग पुढच्या काठाची हवेची नळी दाबून पाहा. हवा कमी झाली तर व्हॉल्व्हच्या भोवती साबणाचं पाणी लावा, बुडबुडे जागा दाखवतील. बारीक छिद्राला पट्टी लागते, पण व्हॉल्व्ह नळीतल्या हवेच्या पिशवीपासून सुटत असेल तर किंमत पाडून मागा किंवा सोडा. कापड दोन बोटांत चोळा. नव्याचा आवाज कुरकुरीत येतो, उन्हाने मेलेलं कापड मऊ, पिठूळ लागतं. तो पतंग घेऊ नका.

हवा ६ ते ८ पीएसआय भरा, लहान पतंगात थोडी जास्त. सावलीत ३० अंशांवर ७ भरली आणि पतंग तापलेल्या जमिनीवर ६० अंशांपर्यंत गेला, तर आतला दाब ९ च्या वर चढतो आणि शिवण उसवते. म्हणून फुगवलेला पतंग उन्हात पडू द्यायचा नाही. उन्हात बंद गाडीच्या डिकीतही ठेवायचा नाही, व्हॉल्व्हचा गोंद सुटतो. आणि भुसावळच्या उन्हाबद्दल भुसावळकरांना आम्ही काय सांगावं!

प्रश्न : कुठे शिकायला जावं? (शिरपूर)

रामेश्वरम किंवा गोवा. रामेश्वरमला दोन्ही मोसमांचा वारा लागतो : साधारण मे अखेर ते सप्टेंबर नैऋत्येचा, डिसेंबर ते मार्च ईशान्येचा. उथळ, सपाट पाण्याची जागा तिथे मिळते, म्हणून नवशिक्याला ते सर्वात सोयीचं. गोव्यात मोरजी-मांद्रेच्या पट्ट्यात फेब्रुवारी ते मे दुपारनंतर समुद्रावरून हलका वारा येतो. तिथे मोठा पतंग लागतो आणि रोज वारा येईलच असं नाही. आठ-दहा तासांचं शिक्षण धरा, पण मुक्काम निदान आठवड्याचा ठेवा, कारण वाऱ्याला सुट्टीचं वेळापत्रक कळत नाही. शिकवणाऱ्याकडे आंतरराष्ट्रीय काइटबोर्डिंग संघटनेचा परवाना आहे का आणि सुटकेची बोट आहे का, एवढं आधी विचारा.

प्रश्न : मुलगा सतरा वर्षांचा आहे, हट्टाला पेटलाय. आई म्हणून मी काय बघावं? (अमळनेर)

ताई, आधी पोहणं. विहिरीत सूर मारता येतो म्हणजे पोहता येतं असं नव्हे. खोल पाण्यात न थांबता दोनशे मीटर आणि मग दहा मिनिटं तरंगणं, एवढं त्याला आलं पाहिजे. हेल्मेट आणि मार झेलणारं तरंगतं जाकीट अंगावर असलंच पाहिजे.

मग सुटकेचं बटण. कमरेच्या पट्ट्याला दांडीची कडी अडकलेली असते. तिच्यावरचं लाल आवरण पुढे ढकललं की कडी सुटते, पतंग एकाच दोरीवर लोंबकळतो आणि ताकद संपते. तरीही ओढत असेल तर पट्ट्याची दुसरी दोरीही सोडायची आणि पतंग जाऊ द्यायचा. मुलाला घरात पट्टा घालून डोळे मिटायला सांगा, तुम्ही कडी ओढून धरा आणि ‘सोड’ म्हणा. दोन सेकंदांत सुटली पाहिजे, दहापैकी दहा वेळा. मग त्यालाच ती पुन्हा जोडायला लावा. पाण्यात हात थरथरत असताना हे पहिल्यांदा करायची वेळ येऊ नये. दोरी हाताच्या बोटांना कधीही गुंडाळायची नाही, हेही त्याच्याकडून वदवून घ्या.

आकाशाबद्दल तुम्हाला आम्ही नवं काही सांगत नाही. रावेर-यावलच्या केळीबागा आडव्या करणारं वादळ कसं येतं ते खान्देशात सगळ्यांना माहीत आहे : कोंदट शांतता, काळा ढग, मग गार झोत. १५ नॉटचा वारा त्या झोतात मिनिटभरात ४० वर जाऊ शकतो. ढग वाढताना दिसला, गडगडाट ऐकू आला, की पतंग उतरवून हवा काढायची. ‘अजून लांब आहे’ असं म्हणत थांबणारेच सापडतात.

प्रश्न : वय ५४, गुडघे कुरकुरतात. उड्या मारायच्या नाहीत, वेगही नको. निवांत जाता येईल का? (चाळीसगाव)

हा खेळ निवांतच जास्त गोड आहे. उड्यांचे फोटो निघतात म्हणून लोकांचा समज वेगळा झालाय.

वारा १४ ते १६ नॉट, पाणी सपाट, फळी मोठी निवडा. साधारण १४५ सेंटिमीटर लांब आणि ४५ रुंद. मोठी फळी कमी ओढीवर पाण्यावर येते, म्हणून गुडघ्यांवरचा झटका कमी होतो. बसका पट्टा घ्या, ज्यातून पाय घालतात तो. कमरेचा पट्टा वर सरकून बरगड्यांना लागतो.

उठताना बहुतेक जण पतंग खाली झोकतात आणि एकदम उभे राहतात. तुम्ही गुडघे पोटाशी ठेवून पतंग १२ वरून जायच्या दिशेला १ किंवा ११ पर्यंत आणा, परत १२, मग जरा जोरात १.३० किंवा १०.३० पर्यंत. ओढ तुम्हाला उठवेल, मांड्यांनी उठू नका. एकदा चालू लागलात की पतंग ४५ अंशांवर स्थिर ठेवा आणि पट्ट्यात बसा. भार कमरेवर, हात दांडीवर नुसते टेकलेले. दोन बोटांनी दांडी धरता येत नसेल तर ताणपट्टी थोडी ओढून ताकद कमी करा. तासाभराने दंड दुखले तर समजा की तुम्ही दांडीला लटकत होता.

सगळ्यांचं दुखणं एकच : दर फेरीला थोडं थोडं वाऱ्याखाली, म्हणजे वारा जातो त्या बाजूला, वाहत जाणं आणि शेवटी फळी काखोटीला मारून वाळूतून परत चालणं. कारण बहुधा पतंग फार वर असतो. वरचा पतंग उचलतो, पुढे नेत नाही. तो जरा खाली आणा, टाचा दाबा, पुढचा पाय सरळ करा, कंबर पुढे ढकला आणि पुढच्या खांद्यावरून वाऱ्याकडे बघा. नजर जाते तिकडे खांदा, खांद्यामागे फळी. वेग थोडा कमी होईल, होऊ द्या.

प्रश्न : मला ताशी ५० किलोमीटर गाठायचेत. दोन वर्षं झाली शिकून, ३५ वर अडकलोय. मोठा पतंग घेऊ का? (धुळे)

उलट. मोठ्या पतंगाने फळीची धार, म्हणजे कड, पाण्यात टिकत नाही, फळी घसरते आणि ताकद फेसात जाते. वेग येतो तो दिशा, सपाट पाणी आणि धार यांतून.

वारा २० ते २२ नॉट हवा आणि पतंग असा, की दांडी जवळजवळ पूर्ण आत घेऊनही तुम्ही धार धरू शकाल. फळी लहान, अरुंद आणि कडक. १३३ बाय ३९ च्या आसपास, कमी वाकाची. किनाऱ्यावरून वारा येत असेल तर काठालगतचं पाणी सर्वात सपाट असतं, पण तो वारा तुम्हाला खोल समुद्रात नेतो. सुटकेची बोट नसेल तर तिथे जाऊच नका.

आधी वाऱ्याला आडवं जात वेग घ्या. पतंग हळूहळू १० किंवा २ च्या किंचित खाली आणा आणि तिथेच ठेवा, हलवू नका. मग दोन-तीन सेकंद घेऊन दिशा वाऱ्याखाली वळवा, वाऱ्याच्या रेषेपासून १२० ते १३० अंशांपर्यंत. सर्वात जास्त वेग याच पट्ट्यात मिळतो. झटकन वळलात तर दोऱ्या सैल पडतात आणि सगळं संपतं. अंग खाली, पुढचा पाय ताठ, मागचा वाकलेला, वजन मागच्या टाचेवर. वेग वाढला की वारा पुढून आल्यासारखा लागतो आणि माणूस दांडी आणखी खेचतो. तिथे पतंग गुदमरतो. एक-दोन सेंटिमीटर सोडा, वेग लगेच चढलेला कळेल. ४० च्या वर पडण्याची बहुतेक कारणं लाटेच्या माथ्यावर फळीचं टोक रुतणं हीच असतात. पाणी खडबडीत झालं की प्रयत्न थांबवा.

वरची पातळी कुठवर गेली आहे तेही सांगतो. ५०० मीटरवर ५० नॉटचा टप्पा काइटने पहिल्यांदा २००८ मध्ये ओलांडला, सेबास्टियन काटेलान यांनी, नामिबियातल्या ल्युडेरिट्झला. तिथे वेगासाठी मुद्दाम काठालगत चर खणतात, म्हणजे वारा जोराचा आणि पाणी मात्र सपाट. २०१७ मध्ये फ्रान्सच्या अलेक्स केझर्ग यांनी सालाँ-द-जिरो इथे ५७.९७ नॉट, म्हणजे ताशी १०७ किलोमीटरच्या वर वेग नोंदवला. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली काइटच्या शर्यती झाल्या त्या पाण्याखालच्या पंखाच्या फळीवर. तो वेगळा प्रकार, त्याची फळी पाण्याबाहेर तरंगते आणि कमी वाऱ्यातही पळते.

तुमच्या ५० साठी मोजमाप नीट करा. जीपीएसचं घड्याळ मनगटावर नको, दंडावर बांधा. मनगट पाण्यात जातं आणि सिग्नल तुटतो. पडताना दिसणारा एखादा उंच आकडा खरा धरू नका. सलग दहा सेकंदांची सरासरी बघा, नाहीतर ५०० मीटरला ३६ सेकंद लागतात का ते तपासा.